सात नंबरच्या मशीनचं कार्ड

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. सुरुवातीच्या काळातले संगणक, चपला काढून आत जाणारे लोक, असलं काहीतरी. वाचकांना मजा येते." मी हो म्हणालो. हो म्हणून दोन दिवाळ्या झाल्या. दरवेळी कागद पुढे घेतला की एकच गोष्ट आठवते, आणि तिच्यात गंमत फारशी नाही. या वर्षी ती लिहायचीच आहे. का, ते शेवटी येईल.

मी सांगलीच्या एका संगणक दुकानात दुरुस्तीचं काम करत असे. मालक विकायचे, मी सांभाळायचो. इकडे जत, तिकडे महाबळेश्वर, मध्ये इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा, एवढा मुलूख एसटीनं फिरायचा. खांद्याला काळी बॅग. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, फ्लॉप्यांची डबी आणि एक पांढरं खोडरबर. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या भागात संगणक दुरुस्त करणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. त्यामुळे मी जे बोलेन ते खरं धरलं जायचं. याचा तेव्हा मला अभिमान वाटायचा. आता भीती वाटते.

पुढचं समजण्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संगणकाच्या डब्यात तळहाताएवढी एक हिरवी पाटी असायची. तिला आम्ही डिस्प्ले कार्ड म्हणायचो. आतल्या गणिताचं चित्र करून पडद्याकडे पाठवणं हे तिचं काम. कार्डावर जितकी स्मृती जास्त, तितके रंग जास्त आणि चित्र बारीक. टायपिंगला साधं कार्ड पुरे. छपाईच्या किंवा नकाशांच्या कामाला भारी लागायचं. बाहेरून दोन्ही डबे सारखेच. म्हणून गिऱ्हाइकाचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तुमच्या मशीनमध्ये कार्ड कुठलं आहे?" आणि उत्तरही ठरलेलं असे, "पांढऱ्या रंगाचं मशीन आहे."

मग मी शिकवायचो. संगणक सुरू केला की सगळ्यात आधी, कंपनीच्या नावाच्याही आधी, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ येते. ते कार्ड आपलं नाव सांगत असतं आणि आपली स्मृती किती ते सांगत असतं. ती ओळ दोन सेकंदांत निघून जाते. पडदा तापायलाच तेवढा वेळ लागायचा, म्हणून ती कुणाला दिसतच नसे. त्यावर युक्ती अशी, की पडदा आधी चालू करायचा, तो तापू द्यायचा, मग डबा चालू करायचा, आणि अक्षरं दिसली की कीबोर्डवरचं पॉजचं बटण दाबायचं. मशीन जागच्या जागी थांबतं. ओळ सावकाश वाचायची, लिहून घ्यायची आणि दुसरं कुठलंही बटण दाबून पुढं जायचं. डबा उघडून कार्डावरचं नाव वाचता येतं, पण त्यावर दुकानदारांनी आपापली स्टिकरं डकवलेली असत. बिल खोटं असू शकतं, स्टिकर खोटं असू शकतं. सुरू होतानाची ती ओळ मात्र मी कधी खोटी पाहिली नाही.

गमती संपादकांना हव्यात, तर दोन सांगतो. सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याचा पडदा एका सकाळी पिवळाधमक दिसायला लागला. शेठजी घाबरून म्हणाले, "साहेब, हळद आत गेली वाटतं. आमचा धंदाच तसला." त्यांनी मुनिमाला अंगावरचा सदरा झटकून मगच आत यायला लावलं होतं. वायरीची एक पिन वाकली होती. निळा रंग पोचत नव्हता आणि निळा गेला की पांढऱ्याचं पिवळं होतं. मी पिन सरळ केली. शेठजींनी हात जोडले, पण मुनिमाला सदरा झटकायची सक्ती पुढेही चालू ठेवली.

दुसरी महाबळेश्वरची. तिथल्या पावसात कार्डांच्या कडेला बुरशी धरायची आणि पडदा काळा व्हायचा. मी कार्ड काढायचो, कडेचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचो, परत बसवायचो. हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, "एवढ्यासाठी तुम्ही सांगलीहून आलात? खोडरबर आमच्या पोराच्या दप्तरात होतं की!" त्या दातांवर खरोखरच सोन्याचा पातळ मुलामा असतो. ही गोष्ट मी विट्याच्या एका गलाईवाल्याला सांगितली. आमच्या त्या भागातली पुष्कळ माणसं देशभर सोनं आटवायची दुकानं चालवतात. तर हा गडी दुसऱ्या दिवशी दुकानात हजर, "मेलेली कार्डं असतील तर किलोवर द्या." मालक दोन दिवस हसत होते.

हा गलाईवाल्याचा किस्सा मी सगळीकडे सांगायचो. इस्लामपूरजवळच्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसातही चहा पिता पिता सांगितला. तिथले सेक्रेटरी, त्यांना सगळे आबा म्हणत, पोट धरून हसले. तो किस्सा मी त्या दिवशी सांगितला नसता तर बरं झालं असतं.

त्या संस्थेत आठ संगणकांची एक खोली होती. खोलीची किल्ली मेजरकडे असायची. मेजर म्हणजे सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. आमच्याकडे पलटणीतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात. नाव दिनकर. पन्नाशीचा, काटक, शर्टाची घडी मोडलेली कधी पाहिली नाही. सैन्याच्या सिग्नल विभागात, तारेच्या संदेशांवर नोकरी झालेली. कानाला टकटक ऐकू आली की हातानं अक्षरं लिहायची, हे काम त्यानं वीस वर्षं केलं होतं. संस्थेनं त्याला राखणीला ठेवलं, पण तो राखण करून थांबणारा नव्हता.

पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं, "साहेब, ही आठ मशीनं माझ्या ताब्यात. आतलं सामान बदललं तर मला कसं कळायचं?"

मला तो प्रश्न फार आवडला. कुठल्याही प्राचार्यांनी तो विचारला नव्हता. मी त्याला पडदा आधी, डबा मागनं आणि पॉजचं बटण हे सगळं शिकवलं. पुढच्या खेपेला गेलो तर एक जाड वही तयार. रोज सकाळी आठही मशीनं एकेक करून सुरू करायची, पॉज दाबायचं, आणि पहिली ओळ जशीच्या तशी उतरवायची. तारीख, मशीनचा नंबर, ओळ, सही. मी म्हणालो, "मेजर, रोज लिहायची गरज नाही. ओळ तीच असते."

"तीच हाय का न्हाई ते रोज लिवल्याबिगार कसं कळंल?"

सात नंबरच्या मशीनला दोन एमबीचं भारी कार्ड होतं. ड्रॉइंगच्या वर्गासाठी आबांनी हट्टानं घेतलेलं. मेजरच्या वहीत त्याच्या ओळीच्या शेवटी २०४८, म्हणजे दोन एमबी, हा आकडा असायचा. बाकी सातांच्या ओळीत १०२४, म्हणजे एक एमबी.

आता शहाण्णव सालची ती दिवाळी. साताऱ्यात एका छापखान्यात एका दिवाळी अंकाची जुळणी चालू होती आणि त्यांच्या मुख्य मशीनचं कार्ड गेलं. छापखानेवाले आमचं मोठं गिऱ्हाईक. मालक मला म्हणाले, "मुंबईहून कार्ड चार दिवसांत येईल. तोवर काहीही कर, पण त्यांचं मशीन चालू ठेव. कसं ते मला सांगू नकोस."

आमच्या धंद्यात याला स्टँडबाय म्हणत. एका गिऱ्हाइकाचा सुटा भाग दुसऱ्याकडे चार दिवस लावायचा, गुपचूप. नवा आला की जागच्या जागी. सगळेच करत, मीही पूर्वी दोनदा केलं होतं. कुणाला कळलं नव्हतं. आणि सहामाहीनंतर संस्थेचा ड्रॉइंगचा वर्ग दिवाळी होईपर्यंत बंद असतो, हे मला ठाऊक होतं.

मंगळवारी मी संस्थेत गेलो. म्हणालो, सात नंबरचा पंखा आवाज करतोय, साफ करतो. पंखा आवाज करत नव्हता. डबा उघडला. मेजर शेजारी उभा. मशीन उघडं असताना खोली सोडायची नाही हा त्याचा स्वतःचा नियम. मी म्हणालो, "मेजर, घसा सुकलाय. चहा सांगता का?"

तो घुटमळला. मग म्हणाला, "तुमी हाय म्हणून जातो."

तो येईपर्यंत दोन मिनिटं लागली असतील. भारी कार्ड माझ्या बॅगेत आणि साधं कार्ड मशीनमध्ये. चहा पिताना कप बशीवर वाजला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, रात्रीचं जागरण कमी करा." मग मशीन त्या कार्डावर नीट चालेल अशी जुळणी केली आणि निघालो. त्याच्या वहीचा मला विसर पडला होता. जी सवय मीच त्याला लावली, तीच मी विसरलो.

चार दिवसांत कार्ड आलं नाही. आठवडा गेला. मुंबईला विचारलं की "आज निघालं" एवढंच उत्तर. त्यातच ड्रॉइंगच्या सरांनी दिवाळीआधी एक जादा तास घ्यायचं ठरवलं. मशीन लावलं आणि रंग कमी दिसले. त्यांनी आबांना सांगितलं, आबांनी आमच्या मालकांना फोन केला, आणि मालकांनी मला बोलावून एवढंच म्हटलं, "संस्थेत जाऊन सात नंबरला कुठलं कार्ड आहे ते बघून त्यांना लेखी द्यायचंय. जा." त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना सगळं समजलंय, आणि समजलंय हे ते कधीच कबूल करणार नाहीत.

इस्लामपूरपर्यंतच्या एसटीत मी दहा वेळा ठरवलं की खरं सांगायचं. "चार दिवसांसाठी नेलं होतं, आणून लावतो." एवढं वाक्य. आष्टा येईपर्यंत ते पाठ झालं होतं. संस्थेत शिरलो आणि ते न बोलताच बॅगेतला स्क्रू ड्रायव्हर काढला.

खोलीत पाचजण बसले होते. आबा, प्राचार्य, ड्रॉइंगचे सर आणि संस्थेचे दोन सभासद. मेजर दाराशी सावधान उभा. मी डबा उघडला, कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "हे एक एमबीचं आहे. साधं."

"बिलात दोन एमबीचं आहे," आबा म्हणाले. "म्हणजे कुणीतरी बदललं. किल्ली एकाकडेच असते."

मेजर पुढे आला. हातात वही. "आबा, हितं हाय बघा. मंगळवारपतोर २०४८. बुधवारपासनं १०२४. मंगळवारी साहेब आल्ते पंखा साफ कराया. मला वाटलं, साहेबांनी काय तरी दुरुस्ती केली असंल. म्हणून म्या बोललो न्हाई."

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला वाटत होतं की मी आता हसून सगळा उलगडा करीन. तो माझ्याकडे त्याच विश्वासानं बघत होता.

आबांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही बदललंत का?"

"नाही," मी म्हणालो. "पंखा साफ केला फक्त."

"मेजर, तुम्ही समोरच होता ना?"

मेजर म्हणाला, "चा सांगाया गेल्तो."

"मशीन उघडं टाकून?"

"साहेब हुते तितं."

एक सभासद म्हणाले, "मग ही वही काय म्हणते? त्यांच्या भेटीनंतरच आकडा बदललाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. कानात नुसता पंख्याचा आवाज भरला होता. आणि मी जे बोललो ते माझ्या धंद्यातलं ज्ञान वापरून बोललो, हेच मला आजवर गिळता आलेलं नाही.

मी म्हणालो, "या वहीवर विसंबता येणार नाही. ती ओळ पडद्यावर दोन सेकंद टिकते. तेवढ्यात कुणी अचूक उतरवूच शकत नाही. आधीचं पान बघून लिहीत असणार, आणि बदल उशिरा ध्यानात आला असणार."

मेजर दचकला. "आवं साहेब, ते पॉजचं बटण? तुमीच की दावलं मला."

"एवढ्या सुरुवातीला ते बटण चालत नाही," मी म्हणालो.

मेजरनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मराठी सोडून दुसऱ्याच भाषेत बोललो होतो. मग तो म्हणाला, "लावून बघा की. ह्ये काय, मशीन हितंच हाय."

कार्ड परत बसवून कळ दाबली असती तर एका मिनिटात मी उघडा पडलो असतो. किंवा शेजारचं कुठलंही मशीन लावलं असतं तरी. पण आबांनी हात झटकला. "ते संगणकातले तज्ज्ञ आहेत मेजर, तुम्ही त्यांना शिकवणार का? बरं, तुमचा मेव्हणा गलाईच्या धंद्यात आहे ना? विट्याचा?"

आणि ते हसले. माझाच किस्सा होता तो.

मेजरला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पोलिसात कुणी गेलं नाही, संस्थेची बदनामी नको म्हणून. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, वही बगलेत मारली आणि गेला. आबा म्हणाले, "वही संस्थेची आहे." तो वळून म्हणाला, "वही माज्या पैशाची हाय. आन् अक्षरबी माजंच हाय."

गावात "मेजरनं कार्ड विट्याला नेऊन आटवलं" असं झालं. एका कार्डाच्या कडेला गुंजभरसुद्धा सोनं नसतं, हे मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडा फडकवायचा मान त्याच्याकडे असायचा. पुढच्या जानेवारीत दुसऱ्या कुणाला बोलावलं, हे मला त्या भागातल्या एसटी कंडक्टरनं सहज बोलता बोलता सांगितलं.

मुंबईचं कार्ड तीन आठवड्यांनी आलं. छापखान्याच्या मशीनला ते लावलं, सात नंबरचं काढून घेतलं. ते परत कसं लावणार? लावलं असतं तर कुणी काढलं होतं ते उघड झालं असतं. मी ते रुपेरी पिशवीत घालून माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं. नोकरी संपली, टेबल घरी आलं, खण तसाच. पत्नी साफसफाईला काढायची तेव्हा मी म्हणायचो, "तो राहू दे."

गेल्या वर्षी ते कार्ड घेऊन मी मेजरच्या गावी गेलो. तो आता ऐंशीच्या पुढे आहे. दारात खुर्ची टाकून बसला होता, शर्टाची घडी तशीच. मी नाव सांगायच्या आधी म्हणाला, "पंखा साफ कराया आलासा?"

मी सगळं सांगितलं. एसटीतलं पाठ केलेलं वाक्यही सांगितलं. मग सुनेला हाक मारून त्यानं ट्रंकेतली वही मागवली. कार्डावरचं नाव डोळ्यांपाशी धरून त्यानं वहीतल्या अक्षरांवर बोट फिरवलं. एकेक अक्षर. जुळलं.

"आता लावून दावा," तो म्हणाला.

"मेजर, हे कार्ड आता कुठल्याच मशीनमध्ये बसत नाही. तसली खाच आता येतच नाही."

त्यानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "म्हंजी त्याला त्याचं नाव इचारायचं मशीनच न्हाई ऱ्हायलं."

"नाही."

"मग आता तुमीच सांगा. तेवढं एकच मशीन ऱ्हायलंय."

मी म्हणालो, म्हणूनच आलो, माफी मागायला. तो चिडला. त्या दिवशी पहिल्यांदा चिडला. "मला सांगून काय करायचं? म्या चोरी केली न्हाई ह्ये मला पयलं म्हाईत हाय. आबा गेले, बाकीचे बी गेले. गाव हाय. गावाला सांगा. छापून आना."

मी म्हणालो, एका दिवाळी अंकासाठी लिहायचं आहे, त्यात लिहितो, आणि अंक शाळेच्या वाचनालयात ठेवतो.

"ठेवू नगा. वाचा. शाळेत, सव्वीस जानेवारीला, झेंडा झाल्यावर. हुबं ऱ्हाऊन."

हेडमास्तरांशी बोलणं झालं आहे. त्यांनी दहा मिनिटं दिली आहेत. हा लेख म्हणूनच मोठ्यानं वाचता येईल असा लिहिला. घरात दोनदा वाचून पाहिला. दोन्ही वेळा शेवटच्या दोन वाक्यांपाशी आवाज गेला. त्या सकाळीही जाईल अशी भीती आहे, म्हणून ती इथं छापून ठेवतो. मला जमलं नाही तर कुणीही पुढं येऊन वाचावं.

पॉजचं बटण चालत होतं. मेजरची ओळ बरोबर होती.